किल्ला बघितला, रौजा राहिला: दौलताबाद-खुलताबादची एका दिवसाची सहल

दिवाळीनंतर शाळांच्या सहली सुरू झाल्या की छत्रपती संभाजीनगरहून वेरूळकडे जाणाऱ्या रस्त्यावर बसची रांग लागते. बस दौलताबादच्या किल्ल्यापाशी थांबते, मग वेरूळला थांबते, येताना बीबी का मकबरा होतो आणि संध्याकाळी मुलं घरी. मधलं खुलताबाद खिडकीतून मागे जातं. फार तर भद्रा मारुतीला दहा मिनिटं थांबतात. मुलांनी विचारलं, "सर, इथं काय आहे?" तर उत्तर ठरलेलं असतं, "इथं औरंगजेबाची कबर आहे." तेवढ्यात बस घाट उतरायला लागते.

आम्ही काही शिक्षक मिळून याच रस्त्याने, पण जरा वेगळी सहल काढतो. उर्दू माध्यमाची मुलं असतात, मराठी माध्यमाचीही असतात. वेरूळ त्या दिवशी करत नाही. फक्त दोन गावं, दौलताबाद आणि खुलताबाद. शहरापासून पहिलं साधारण पंधरा किलोमीटर, दुसरं पंचवीस. सातवीच्या इतिहासात मध्ययुग येतं. यादव, खलजी, तुघलक, बहमनी, निजामशाही, मुघल, मराठे ही नावं मुलं पाठ करतात. ही सगळी नावं पायी फिरता येईल एवढ्या जागेत सापडतात अशी ठिकाणं देशात फार नाहीत. आपल्याला ती घराजवळ मिळाली आहेत.

आता खरी अडचण सांगतो. २०२५ च्या मार्चमध्ये औरंगजेबाची कबर हटवा ही मागणी जोरात झाली, नागपुरात दंगल झाली, खुलताबादला पोलीस बंदोबस्त लागला. तेव्हापासून पालक संमतीपत्रावर सही करताना थांबतात. आपले पालक म्हणतात, "मुलं तिथं गेल्याचे फोटो कुणी टाकले तर?" मराठी माध्यमाचे पालक म्हणतात, "किल्ला ठीक आहे सर, पण पुढं कशाला?" दोघांची भीती वेगळी, नतीजा एकच. मुलं एक गाव बघतात, दुसरं बघत नाहीत, आणि पहिलंही मग अर्धंच कळतं. म्हणून ही दोन गावं एकमेकांना कशी जोडलेली आहेत आणि एका दिवसात ती नीट कशी बघायची, ते इथं लिहितो आहोत.

आधी दौलताबाद

शहरातून सकाळी साडेसातला निघावं. किल्ला उन्हाच्या आधी चढायचा असतो. वर जाऊन खाली यायला मुलांच्या चालीने अडीच-तीन तास धरा. पाण्याची बाटली प्रत्येकाकडे हवी आणि अंधेरीसाठी दोन-तीन चांगल्या बॅटऱ्या. मोबाईलच्या उजेडावर विसंबू नका.

किल्ल्याचं जुनं नाव देवगिरी. बाराव्या शतकाच्या शेवटी यादव राजा पाचवा भिल्लम याने ही राजधानी केली. रामदेवरायाच्या काळात इथं वैभव होतं, हेमाद्री पंडित इथंच कारभार बघत होता. ज्ञानेश्वरांनी १२९० मध्ये ज्ञानेश्वरी पुरी केली ती याच राजाच्या राज्यात, आणि ग्रंथाच्या शेवटी त्याचं नाव घेतलं आहे. १२९६ मध्ये अलाउद्दीन खलजीने देवगिरीवर अचानक चाल केली आणि प्रचंड खजिना घेऊन गेला. नंतरच्या वीस-बावीस वर्षांत यादवांचं राज्य संपलं.

मग मुहम्मद बिन तुघलक आला. त्याच्याबद्दल मुलांना एकच गोष्ट माहीत असते, वेडा सुलतान, ज्याने सगळी दिल्ली उचलून इथं आणली. १३२७ च्या सुमारास त्याने देवगिरीला दौलताबाद नाव देऊन दुसरी राजधानी केली हे खरं. पण सगळी दिल्ली आली नव्हती. मुख्यतः दरबारी, अधिकारी, उलेमा, सूफी आणि त्यांच्याबरोबरचे लोक आले. दक्षिण एवढी मोठी, दिल्ली एवढी लांब, तिथून कारभार कसा करायचा हा त्याच्यापुढचा प्रश्न होता. प्रश्न खुळा नव्हता, अंमलबजावणी मात्र लोकांच्या जिवावर बेतली. आठ-दहा वर्षांत दरबार परत दिल्लीला गेला. सगळे परत गेले नाहीत. जे राहिले त्यांच्या तोंडची बोली इथल्या मराठी, कन्नड, तेलुगूमध्ये राहून पुढं दख्खनी म्हणून वाढली. आमची निम्मी मुलं घरी जी भाषा बोलतात तिची एक मुळी इथली आहे. वर्गात हे वाक्य दहा वेळा सांगितलं तरी कुणी मान वर करत नाही. किल्ल्याच्या महादरवाजात उभं राहून सांगितलं की लगेच विचारतात, "म्हणजे 'नक्को' इथून आलं का?" आता त्यात मराठीचा 'नको' किती, हा पुढचा धडा.

इब्न बतूता चौदाव्या शतकात दौलताबादला येऊन गेला. गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचा स्वतंत्र बाजार त्याने बघितला, आणि किल्ल्यातल्या तुरुंगात मांजरापेक्षा मोठे उंदीर असतात असं लिहून ठेवलं. मुलांना बाजारापेक्षा उंदीर जास्त लक्षात राहतात. चालायचंच.

आत शिरल्यावर थोडं चाललं की डावीकडे हत्ती हौद नावाचा प्रचंड हौद आणि त्याच्याजवळ भारतमाता मंदिर. इथं हमखास प्रश्न येतो. इमारत मशिदीची दिसते, चौक आहे, खांबांच्या रांगा आहेत, आणि समोर देवीची मूर्ती. आपल्या मुलांपैकी कुणीतरी हळूच विचारतो, "सर, ही मशीद होती ना?" हो, होती. १३१८ मध्ये कुतबुद्दीन मुबारक शाह खलजीच्या काळात ही जामा मशीद बांधली. पण खांबांकडे नीट बघा असं आम्ही सांगतो. त्यांच्यावरची नक्षी मशिदीची नाही, आधीच्या मंदिरांची आहे. १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात आलं, त्यानंतर इथं भारतमातेची मूर्ती बसवली गेली. हे तिन्ही आम्ही त्याच क्रमाने सांगतो, दोन्ही माध्यमांच्या मुलांना, एकदमच. एकाला पहिला भाग आणि दुसऱ्याला शेवटचा भाग असं वेगवेगळं सांगायचं नाही. त्यानंतर पाच मिनिटं कुणी काही बोलत नाही. बोलायला लावूही नका.

समोर चाँद मिनार. १४४५ मध्ये बहमनी सुलतान अलाउद्दीन अहमदच्या वेळी बांधला. पायथ्याशी छोटी मशीद आहे. बहमनी राज्याची सुरुवातही दौलताबादचीच. १३४७ मध्ये इथल्या सरदारांनी तुघलकाविरुद्ध बंड केलं, अलाउद्दीन हसन बहमन शाह इथंच तख्तावर बसला आणि मग राजधानी गुलबर्ग्याला नेली.

पुढं किल्ल्याची खरी करामत दिसते. डोंगर खालच्या बाजूने चहूकडून सरळ तासून काढला आहे, भिंत उभी करावी तसा. भोवती खंदक. आत जायला एकच वाट, आणि ती वाट अंधेरीत शिरते. अंधेरी म्हणजे कातळातला वळणावळणाचा काळोखी बोगदा. शत्रू आत आला तर त्याला ना पुढचं दिसणार, ना आपला-परका कळणार. वरच्या तोंडावर लोखंडी झडप टाकून, निखारे पेटवून धूर आत सोडायची सोय होती. वटवाघळं आहेत, वास येतो, पायऱ्या उंच-सखल आहेत. लहान मुलांना मधे ठेवा, पुढं एक आणि मागं एक मोठं माणूस. वर शाहजहानच्या १६३६ च्या मुक्कामाच्या वेळची बारादरी आहे. ज्यांना दम लागतो त्यांनी मेंढा तोफेपर्यंत जाऊन बसलं तरी सहल वाया जात नाही. त्या तोफेच्या मागच्या टोकाला मेंढ्याचं डोकं आहे.

एवढा मजबूत किल्ला, पण तो लढून कमी आणि फितुरीने, उपासमारीने जास्त वेळा पडला. १६३३ मध्ये मुघल सरदार महाबत खानाने वेढा घालून घेतला तेव्हा आतलं धान्य संपलं होतं.

दोन जागा गाईड घाईत सोडतात. एक चिनी महाल. निळ्या-पांढऱ्या फरशांचे थोडे तुकडे अजून भिंतीला आहेत. १६८७ मध्ये औरंगजेबाने गोवळकोंडा घेतला आणि तिथला शेवटचा सुलतान अबुल हसन तानाशाह याला इथं कैदेत ठेवलं. मरेपर्यंत तो सुटला नाही. हे नाव मुलांना लक्षात ठेवायला सांगा, दुपारी पुन्हा लागणार आहे.

दुसरी जागा जनार्दन स्वामींची. सोळाव्या शतकात ते या किल्ल्याचे किल्लेदार होते, निजामशाहीच्या चाकरीत. पैठणचे एकनाथ लहान वयात त्यांच्याकडे शिकायला आले आणि इथंच वाढले. म्हणजे ज्या किल्ल्यावर सुलतानाचं निशाण होतं तिथं मराठीतला एक मोठा संत घडला. जनार्दन स्वामींचे गुरू चाँद बोधले हे सूफी होते असं परंपरेत मानतात. त्यांची दर्गाह किल्ल्याजवळच आहे. श्रीगोंद्याचे शेख महंमद, ज्यांनी मराठीत 'योगसंग्राम' लिहिला, तेही त्यांचेच शिष्य मानले जातात. एकनाथांनी पुढं 'हिंदू-तुर्क संवाद' लिहिला, त्यात दोघं कडाडून भांडतात आणि शेवटी समेट होतो. तो लिहिणाऱ्याचं शिक्षण कुठं झालं, हे किल्ल्यावर उभं राहून कळतं.

वाटेत कागजीपुरा

किल्ल्यातून निघाल्यावर घाटाकडे जाताना कागजीपुरा लागतो. नावातच कागद आहे. तुघलकाबरोबर आलेल्या कागद्यांनी हे गाव वसवलं असं इथले लोक सांगतात. चिंध्या भिजवून, कुटून, त्यांचा लगदा हौदात कालवायचा, चाळणीवर पातळ थर उचलायचा, दाबून पाणी काढायचं आणि वाळवायचं. दौलताबादी कागद कधीकाळी दूरवर जायचा, हिशेबाच्या वह्यांना, हस्तलिखितांना. आज काम फार थोडं उरलं आहे. आधी विचारून गेलात तर कुणीतरी चाळणी कशी उचलतात ते दाखवतं. वीस मिनिटं पुरतात, आणि मुलांनी तिथून एकेक कागद विकत घ्यावा असं आम्ही आवर्जून सांगतो. हंगामात रस्त्याकडेला सीताफळं आणि पेरू मिळतात. डबे इथंच उघडा.

मग खुलताबाद

घाट चढून गेलं की जुनी तटबंदी आणि दरवाजे दिसायला लागतात. गावाचं जुनं नाव रौजा. आजही आजूबाजूचे म्हातारे लोक "रौज्याला जाऊन येतो" असंच म्हणतात. औरंगजेबाला मृत्यूनंतर 'खुल्द-मकान' म्हणायला लागले, त्यावरून खुलताबाद. आता या नावाच्याही बदलाची चर्चा आहे, दौलताबादच्याही. आम्ही मुलांना सगळी नावं सांगतो. जुनं कागदपत्र वाचायचं तर सगळीच लागतात.

पण गाव औरंगजेबामुळे झालं नाही, हे आधी समजून घ्या. औरंगजेब इथं पुरला गेला १७०७ मध्ये. त्याच्या चारशे वर्षं आधीपासून इथं चिश्ती सूफी होते. हजरत मुंतजिबुद्दीन जर जरी जर बख्श (रह.) यांचा विसाल १३०९ चा, म्हणजे तुघलकाच्याही आधीचा. त्यांचे भाऊ हजरत बुरहानुद्दीन गरीब (रह.) हे दिल्लीच्या हजरत निजामुद्दीन औलियांचे मुरीद. दौलताबादला दिल्लीहून लोक पाठवले गेले तेव्हा तेही आले, आणि १३३७ मध्ये इथंच दफन झाले. त्यांचे खलिफा हजरत जैनुद्दीन शिराजी (रह.), विसाल १३६९. हजरत निजामुद्दीनांच्या मजलिशीतलं बोलणं ज्यांनी 'फवाइद-उल-फुआद'मध्ये लिहून ठेवलं ते कवी अमीर हसन सिज्जी यांचीही मजार इथलीच. दिल्लीच्या खानकाहीची एक आख्खी फांदी इथं येऊन रुजली. तापीकाठचं बुरहानपूर हे हजरत बुरहानुद्दीनांच्या नावावरून आणि पलीकडचं जैनाबाद हजरत जैनुद्दीनांच्या नावावरून.

सकाळचं आणि दुपारचं इथं जुळतं. तुघलकाने राजधानी हलवली, ती टिकली नाही. पण त्याच्या हुकमाने इथं आलेले फकीर टिकले. सुलतान वर किल्ल्यात राहिले आणि फकिरांनी दहा-बारा किलोमीटर लांब, डोंगरावर जागा धरली. चिश्ती मंडळी दरबारापासून अंतर ठेवायची, ते अंतर मुलांना बसमध्ये बसून मोजता येतं. अमेरिकन अभ्यासक कार्ल अर्न्स्ट यांनी १९९२ मध्ये 'इटर्नल गार्डन' हे पुस्तक खुलताबादच्या सूफींवरच लिहिलं. आपल्याकडे मराठीत या गावावर तेवढं मोठं काम झालं असतं तर निम्मे वाद झालेच नसते, असं आमचं आपलं मत.

गमत अशी की ज्यांनी दरबार टाळला त्यांच्याच पायाशी दरबार पुढं येऊन झोपला. हजरत बुरहानुद्दीनांच्या आवारात पहिला निजाम आसफ जाह (मृत्यू १७४८) आणि त्याचा मुलगा नासिर जंग यांच्या कबरी आहेत. रस्त्याच्या पलीकडे हजरत जैनुद्दीनांच्या आवारात औरंगजेब, आणि तिथंच त्याचा मुलगा आजम शाह. औरंगजेबाचा मृत्यू अहमदनगरजवळ भिंगारला झाला आणि त्याच्या इच्छेप्रमाणे त्याला इथं आणलं. कबर उघडी आहे, वर छत नाही, मातीत रोप लावलेलं. भोवतीची संगमरवरी जाळी त्याने केली नाही, ती फार नंतर निजामाच्या काळात आली. भारतीय पुरातत्त्व खात्याचं हे संरक्षित स्मारक आहे. बंदोबस्त असेल तर ओळखपत्र दाखवायचं, नाव लिहायचं, पोलिसांशी हुज्जत घालायची नाही.

इथं मुलांना काय सांगायचं हा शिक्षकाच्या परीक्षेचा भाग. आम्ही ते बसमध्येच सांगून टाकतो. ही औलियाची दर्गाह नाही, एका बादशाहाची कबर आहे. लोक मजारीवर जातात ते हजरत जैनुद्दीनांच्या. या बादशाहाने बापाला कैदेत ठेवलं, दारा शुकोह या सख्ख्या भावाला मारवलं. १६८९ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांना त्याच्याच हुकमाने हाल करून मारलं गेलं. मराठी मुलाला त्याबद्दल राग येतो आणि तो येणारच, त्यात समजावण्यासारखं काही नाही. आणि आपल्या मुलाला आम्ही सांगतो, बेटा, तुला याचा वकील व्हायचं नाही आणि याचा वारसही व्हायचं नाही. तू सातवीत आहेस, बघ, वहीत लिही, प्रश्न विचार. कबरीसमोर सेल्फी नाही, घोषणा नाही, दोन्हीकडून नाही. हा नियम मोडला तर मूल बसमध्ये जाऊन बसतं. अजून कुणाला बसवावं लागलेलं नाही.

मग सकाळचं नाव आठवायला सांगायचं. चिनी महालातला कैदी, तानाशाह. त्याचीही कबर खुलताबादलाच आहे, शाह राजू कत्ताल यांच्या दर्ग्याच्या आवारात. कैद करणारा आणि कैद झालेला एकाच लहानशा गावात, चालत जाता येईल एवढ्या अंतरावर. आमच्या मुलांनी या गोष्टीवर जेवढे प्रश्न विचारले तेवढे पूर्ण वर्षात कशावरच विचारले नाहीत. "सर, त्याला इथं कुणी आणलं?" "त्याच्या लोकांना चाललं का?"

शेवटची जागा चुकवू नका. गावाबाहेर, जर जरी जर बख्श यांच्या दर्ग्याच्या बाजूला मलिक अंबरचा मकबरा आहे. हबशी गुलाम म्हणून विकला गेलेला मुलगा, निजामशाहीचा वजीर झाला. १६१० मध्ये त्याने खडकी वसवली, तीच आजचं छत्रपती संभाजीनगर. सकाळी ज्या शहरातून बस निघाली ते शहर याचं. मुघलांना त्याने वर्षानुवर्षं गनिमी काव्याने झुंजवलं. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे आणि त्यांचे भाऊ शरीफजी त्याच्या बाजूने लढले, शरीफजी तिथं कामी आले. भोसल्यांचं वेरूळ इथून चार-पाच किलोमीटर. १६२६ मध्ये मलिक अंबर गेला, इथं दफन झाला. जवळच त्याच्या बायकोचा, करीमाचा मकबरा. इथं ना पोलीस असतात ना गर्दी. वाऱ्याचा आवाज आणि गवत. मराठी माध्यमाच्या एका मुलीने विचारलं होतं, "एवढा मोठा माणूस, मग इथं कुणीच का येत नाही?" आम्ही म्हटलं, तू आलीस ना.

काही व्यवहाराच्या गोष्टी. दर्ग्यांत डोकं झाकायला रुमाल ठेवा, मुलींना ओढणी. काही ठिकाणी मजारच्या खोलीत स्त्रियांना जाऊ देत नाहीत. मुली याचं कारण विचारतात, विचारू द्या. मुजावरांशी आधी बोललात तर ते स्वतः माहिती सांगतात, पण तारखा आपल्या वहीतल्या धरा. नजराण्यासाठी कुणी मागे लागलं तर मुलांच्या वतीने एकदाच शिक्षकाने द्यावा. हजरत जैनुद्दीनांच्या दर्ग्यातला पैराहन-ए-मुबारक वर्षातून एकदा, रबीउल अव्वलच्या बारा तारखेला दाखवतात. त्या दिवसांत आणि उर्सच्या काळात शाळेची सहल नेऊ नका, मुलं हरवतात. शनिवारी, विशेषतः श्रावणात, भद्रा मारुतीला शहरातून पायी येणाऱ्यांची गर्दी असते. तो दिवसही टाळा, नाहीतर घाटात दोन तास जातात. किल्ल्याचं तिकीट पुरातत्त्व खात्याचं आहे, पंधरा वर्षांखालच्या मुलांना लागत नाही, तरी शाळेचं पत्र सोबत असू द्या.

जोहरची नमाज खुलताबादला, असरपर्यंत मलिक अंबरचा मकबरा, आणि अंधार पडायच्या आत घाट उतरायचा. वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात. त्यांच्यासाठी वेगळा दिवस काढा, याच दिवसात कोंबू नका.